१०० एमबीपीएसची लाइन आहे, तरी काट्यावरची पावती निघायला बारा सेकंद का लागतात?

काट्यावरचा (हिंगणघाट तालुका)

नमस्कार मंडळी. हिंगणघाटपासून आत एका जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर बसतो. बीसीए झालेलं आहे, त्यामुळे कॉम्प्युटरचं काहीही अडलं की सगळे माझ्याकडेच पाहतात.

अडचण अशी आहे. कापसाची गाडी काट्यावर चढली की इंडिकेटरवरून वजन कॉम्प्युटरात येतं. मी शेतकऱ्याचं नाव आणि गाडीचा नंबर टाकतो, सेव्ह दाबतो, मग प्रिंटरमधून पावती निघते. सेव्ह दाबल्यापासून पावती हलेपर्यंत सकाळी चारेक सेकंद जातात. दुपारी एक वाजला की तेच बारावर जातं, कधी कधी त्याच्याही वर. प्रत्येक गाडी काट्यावर दोनदा येते, एकदा भरलेली आणि एकदा खाली. दिवाळीनंतर आवक वाढली की ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पिकअप, बैलगाड्या गेटच्या बाहेर डांबरी रोडपर्यंत लागतात. लोक पहाटेचे निघालेले असतात, बैल उन्हात जुंपलेले असतात. परवा एक म्हातारे बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "काऊन गा पोरा, वजन तं दिसून ऱ्हायलं, मंग पावती काऊन देत नाहीस?" त्यांचं काय चुकलं? वजन तर समोर लाल आकड्यांत दिसतच असतं.

लाइन केबलवाल्याची फायबर, १०० एमबीपीएसचा प्लॅन. स्पीड टेस्टला ९४-९५ येतात. सॉफ्टवेअर बाहेरच्या एका फर्मचं, डेटा क्लाउडवर. फर्मवाले म्हणतात तुमचं नेट खराब. केबलवाला म्हणतो नेट एक नंबर, सॉफ्टवेअर खराब. मालक म्हणतात २०० चा प्लॅन घेऊन टाक. २०० ने फरक पडेल का? मालकांना नीट कारण सांगता आलं पाहिजे, नुसतं "नाही पडणार" म्हणून चालणार नाही.

सेवाकेंद्र_पुलगाव

आमच्या सेवा केंद्रात ५० वरून १५० केलं तेव्हा दाखल्यांच्या पीडीएफ पटापट अपलोड व्हायला लागल्या. घेऊन पाहा दादा. आणि कॉम्प्युटर वायफायवर असेल तर आधी राउटरला केबलने जोडा.

पऱ्हाटी (समुद्रपूर)

काट्यावरचा भाऊ, प्लॅन वाढवू नका. पुलगावच्या दादांना फरक पडला कारण पीडीएफ जड असते. तुमची पावती जड नाही. केबलने जोडण्याचा त्यांचा सल्ला मात्र खरा, तो आजच करा.

गावी परत येण्याआधी मी मुंबईत शेअर दलालीच्या एका फर्ममध्ये नेटवर्क सांभाळत होतो. तिथे सगळी नोकरीच विलंबाच्या हिशेबाची, तोही मायक्रोसेकंदांत. आता शेती करतो, कापूस घेऊन जिनिंगच्या रांगेत मीही उभा राहतो. त्यामुळे तुमचा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी कळतो, आणि सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

स्पीड टेस्ट सांगते की सेकंदाला किती माल जाऊ शकतो. एक निरोप जाऊन त्याचं उत्तर यायला किती वेळ लागतो, ते ती सांगत नाही. तुमच्या पावतीत असतं काय? नाव, गाडी नंबर, वजन, तारीख. ३०० बाइट धरा, म्हणजे २,४०० बिट. १०० एमबीपीएसच्या लाइनवर ते ढकलायला २४ मायक्रोसेकंद लागतात, २०० वर १२. मालकांना हेच सांगा: प्लॅन दुप्पट केला तर बारा सेकंदांतले १२ मायक्रोसेकंद वाचतील. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, मिलिसेकंद म्हणजे हजारावा.

मग बाकीचा वेळ कुठे जातो? माझ्या अनुभवाने तीनच ठिकाणी पाहायचं. सर्व्हर किती लांब आहे, वाटेत कुठे रांग लागते, आणि एका पावतीसाठी निरोप किती वेळा जातो-येतो. शेवटच्या गोष्टीकडे कोणी पाहत नाही, आणि बहुतेक वेळा तीच भारी पडते.

आता मोजा. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता असेल, त्याला पिंग लावून ठेवा, म्हणजे छोटा निरोप जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसेल. वाटेतले टप्पे दाखवणारं ट्रेसरूट करा (विंडोजमध्ये त्याला ट्रेसर्ट म्हणतात) आणि तुमच्या राउटरनंतरचा पहिला टप्पा कोणता ते पाहून त्यालाही पिंग लावा. हे सकाळी निवांत असताना पाहा आणि दुपारी गर्दीत पुन्हा पाहा. दुपारचा आकडा नसेल तर सकाळच्या आकड्याला अर्थ नाही. स्पीड टेस्टमधला अपलोडचा आकडाही कळवा, तो तुम्ही लिहिलाच नाही. आणि फर्ममधल्या पोराला गोडीने विचारा की एका सेव्हला डेटाबेसकडे किती क्वेऱ्या, म्हणजे माहितीच्या मागण्या, जातात.

काट्यावरचा

सगळं मोजलं. कॉम्प्युटर केबलनेच जोडलेला आहे.

सकाळी आठला पहिला टप्पा ४ मिलिसेकंद, सर्व्हर २३२. दुपारी दोनला पहिला टप्पा ४६० च्या आसपास, सर्व्हर ६९०. पहिला टप्पा म्हणजे केबलवाल्याचंच मशीन ना? ते तर आमच्याच गावात आहे! अपलोड २० एमबीपीएस.

फर्मचा पोरगा चांगला निघाला, त्याने लॉग काढून दिला. एका सेव्हला १२ क्वेऱ्या जातात: शेतकरी शोध, गाडी शोध, भाव आण, शेवटचा पावती नंबर आण, असं एकेक. आणि दर सेव्हला कनेक्शन नव्याने उघडतं. सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे म्हणाला, तिकडे स्वस्त मिळालं होतं.

एक राहिलं. इथे आठ सीसीटीव्ही कॅमेरे आहेत. दुपारी जेवणानंतर मालकांचा मुलगा वर्ध्याहून मोबाइलवर आठही कॅमेरे लाइव्ह पाहतो.

पऱ्हाटी

भाऊ, तुमच्या या आकड्यांतच सगळं उत्तर आहे.

आधी अंतर घेऊ. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर जातो. काचेच्या तंतूत त्याचा वेग साधारण दोन तृतीयांश राहतो, म्हणजे सेकंदाला दोन लाख किलोमीटर, किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. आपल्या भागातून अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत १३ हजार किलोमीटरच्या आसपास येतो. जाऊन-येऊन २६ हजार, म्हणजे १३० मिलिसेकंद तर सृष्टीच्या नियमानेच गेले. तार सरळ रेषेत जात नाही, समुद्राखालून वळसे घेत जाते, मध्ये ठिकठिकाणी यंत्रं असतात. म्हणून २३२. कितीही पैसे मोजले तरी तिथला सर्व्हर १३० च्या खाली येणार नाही.

हेच मुंबईला धरा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याच्या कडेने तार टाकली तर जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद. प्रत्यक्षात वीस-पंचवीस येतील, तरी २३२ च्या दहाव्या हिश्श्यात काम झालं.

आता फेऱ्या मोजा. निरोप जाऊन त्याचं उत्तर आलं की एक फेरी. कनेक्शन नव्याने उघडायचं तर आधी टीसीपीची (नेटवर माल पोचवण्याची ठरलेली रीत) ओळखदेख, एक फेरी. मग कुलूपबंद करणारं टीएलएस, जुन्या १.२ आवृत्तीत दोन फेऱ्या (२०१८ च्या १.३ मध्ये एकच लागते). मग डेटाबेसचं लॉगिन, त्याच्या दोन धरू. झाल्या पाच. वर १२ क्वेऱ्या, आणि पहिलीचं उत्तर आल्याशिवाय दुसरी सुटत नाही. एकूण १७. सतरा गुणिले २३२ मिलिसेकंद म्हणजे ३.९ सेकंद. सतरा गुणिले ६९० म्हणजे ११.७ सेकंद. तुमची सकाळ चार आणि दुपार बारा. इतका सरळ बसणारा हिशेब मला नोकरीतही क्वचित मिळाला.

राहिला तो गावातल्या गावातला ४ मिलिसेकंदांचा टप्पा ४६० वर कसा गेला हा प्रश्न. तो कॅमेऱ्यांनी नेला. आठ कॅमेरे पूर्ण चित्रासह बाहेर जायला लागले की तुमची २० एमबीपीएसची अपलोड भरून जाते. जास्तीचा माल राउटरच्या पोटातल्या मेमरीत थांबतो, आणि तुमच्या गेटवर लागते तशी रांग तिथे लागते. २० एमबीपीएसवर ४६० मिलिसेकंद म्हणजे ९२ लाख बिट, दीड हजार बाइटची साडेसातशेवर पॅकेटं (नेटवर माल अशा तुकड्यांतच जातो). पावतीचं इवलंसं पॅकेट त्यांच्या मागे उभं राहतं, बैलगाडी पन्नास ट्रकांच्या मागे उभी राहावी तसं. ते पुढे सरकून उत्तर आणतं, की दुसरी क्वेरी पुन्हा रांगेच्या शेपटाला.

याला बफरब्लोट म्हणतात. मेमरी स्वस्त झाली तशी राउटर बनवणाऱ्यांनी ती भरभरून टाकली, पॅकेट एकही हरवू नये म्हणून. पण टीसीपीची रीत अशी की पॅकेट हरवेपर्यंत तो जोर वाढवत जातो. हरवलं की त्याला कळतं पुढे गर्दी आहे. हरवूच दिलं नाही तर तो मोठ्यातली मोठी रांगही काठोकाठ भरतो. जिम गेटिस या संगणक अभियंत्यांना २०१० च्या सुमारास घरच्याच लाइनवर हे दिसलं आणि त्यांनी त्यावर जगभर आवाज उठवला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाचा उपाय मांडला. रांग किती लांब आहे हे तो बघत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघतो. ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबणं १०० मिलिसेकंदभर सुरूच राहिलं, तर तो मुद्दाम एखादं पॅकेट टाकून देतो, म्हणजे पाठवणारा हात आखडतो. त्याचाच एफक्यू-कोडेल प्रकार प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतो आणि थोडा माल असलेल्याला आधी सोडतो. म्हणजे तुमच्या पावतीला.

करायचं काय, तर सगळ्यात सोपं आधी. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमध्ये मेन स्ट्रीम (पूर्ण चित्र) आणि सब स्ट्रीम (हलकं चित्र) असे दोन प्रकार असतात. मोबाइलवर पाहायला सब स्ट्रीम लावून द्या. आठ चौकोनांत छोट्या स्क्रीनवर फरक जाणवणार नाही, आणि अपलोड मोकळी होईल. याला एक रुपया लागत नाही. त्यानंतर असा राउटर घ्या ज्यात एफक्यू-कोडेल किंवा त्याच जातीचं केक चालतं. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर टाकता येणारा कोणताही चालेल, मायक्रोटिक कंपनीच्या राउटरांच्या सॉफ्टवेअरच्या सातव्या आवृत्तीतही ते आहे. त्यात अपलोडची मर्यादा १७ एमबीपीएसवर बांधा. मालक विचारतील, २० मिळतात तर १७ का? कारण २० वर सोडलं की रांग केबलवाल्याने बसवलेल्या डब्यात लागते आणि तिथे आपलं काही चालत नाही. १७ वर बांधलं की रांग आपल्या राउटरात लागते, तिथे आपण लावू तो नियम. तीन एमबीपीएस देऊन साडेचारशे मिलिसेकंद परत घ्यायचे, इतका स्वस्त सौदा दुसरा नाही.

टॉवरखाली (आर्णी)

आमच्याकडे फायबर दर पंधरवड्याला तुटते, रोडचं काम चालू आहे. जिनिंगवाल्यांना सॅटेलाइटचं नेट घ्या म्हणून सांगायचं का? वायरलेस म्हणजे हळूच असतं असंही ऐकतो, खरं काय?

पऱ्हाटी

वायरलेस म्हणजे हळू, असं सरसकट म्हणता येत नाही. हवेत प्रकाश आणि रेडिओ लहरी काचेपेक्षा दीडपट वेगाने जातात. शिकागो ते न्यू जर्सी शेअर बाजारांसाठी २०१० मध्ये डोंगर फोडून शक्य तितकी सरळ फायबर टाकली होती, जाऊन-येऊन १३ मिलिसेकंद. काही वर्षांत त्याच वाटेवर मायक्रोवेव्हचे टॉवर उभे राहिले आणि तोच पल्ला साडेआठ मिलिसेकंदांच्या आसपास आला. आमच्या धंद्यात लोकांनी यासाठी वाट्टेल तेवढे पैसे ओतले. उलटंही झालं: आयईएक्स नावाच्या अमेरिकी बाजाराने ६१ किलोमीटर तार मुद्दाम गुंडाळून डब्यात ठेवली, सगळ्यांनाच ३५० मायक्रोसेकंद उशीर व्हावा म्हणून, म्हणजे वेगवान माणसाला दुसऱ्याच्या पुढे घुसता येऊ नये.

घरचं वायफाय हळू वाटतं ते लहरीमुळे नाही. एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, टक्कर झाली की पुन्हा वाट पाहायची, यात वेळ जातो. मोबाइलच्या ४जी मध्येही फोन निवांत पडला असेल तर पहिल्या पॅकेटला टॉवरकडून जागा मिळेपर्यंत वेळ जातो, मग गाडी रुळावर येते.

सॅटेलाइटचं म्हणाल तर कोणता, ते पाहा. जुन्या पद्धतीचा भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. निरोप वर-खाली आणि उत्तर वर-खाली, असे चार टप्पे, जवळपास ४८० मिलिसेकंद नुसत्या प्रवासात. पाचेकशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांना ती अडचण नाही. पण फायबर तुटते म्हणून सोय हवी असेल तर आधी एक ४जी डोंगल राखीव ठेवा. पावतीला तेवढं पुष्कळ.

डेटाबेसवाली (नागपूर)

पऱ्हाटी दादांनी नेटवर्कची बाजू इतकी नीट मांडली की मी फक्त सॉफ्टवेअरचं बोलते. माझं रोजचं कामच डेटाबेस वेगात ठेवण्याचं आहे.

सर्व्हर मुंबईला आणा, हे तर झालंच पाहिजे. ॲमेझॉनचं केंद्र मुंबईत २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात २०१५ पासून. अमेरिकेत ठेवायचं आज काही कारण नाही. पण नुसता सर्व्हर हलवून थांबू नका. १७ फेऱ्या तशाच राहिल्या तर दुखणं झाकलं जाईल इतकंच. कनेक्शन एकदा उघडून दिवसभर उघडंच ठेवायला सांगा, पाच फेऱ्या गेल्या. १२ क्वेऱ्यांची एक स्टोअर्ड प्रोसिजर करा: सगळी माहिती एकदाच पाठवायची, सर्व्हरने आतल्या आत शोधाशोध करून पावती नंबर परत द्यायचा. उरली एक फेरी.

फेऱ्या कमी करण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सरासरीकडे पाहू नका, सगळ्यात हळू निघालेल्या पावत्यांकडे पाहा. समजा शंभरातली एक फेरी अडते, कारण पॅकेट हरवलं आणि पुन्हा पाठवावं लागलं. एका पावतीला एकच फेरी असेल तर शंभरात एक शेतकरी खोळंबेल. सतरा असतील तर एकही न अडण्याची शक्यता ०.९९ चा सतरावा घात, म्हणजे ८४ टक्के. शंभरातले सोळा खोळंबले! गुगलच्या जेफ डीन आणि लुइझ बारोसो यांनी २०१३ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं होतं: एका कामाला शंभर सर्व्हर लागत असतील आणि प्रत्येक जण शंभरात एकदाच रेंगाळत असेल, तरी ६३ टक्के कामं रेंगाळतात. तुम्ही "कधी त्याच्याही वर जातं" असं लिहिलंय ना, ते बहुतेक हे.

फर्मच्या पोराला आणखी एक तपासायला सांगा. कोड आधी छोटा तुकडा, मग दुसरा छोटा तुकडा लिहितो आणि मग उत्तराची वाट पाहतो, असं आहे का? टीसीपीत १९८४ पासून जॉन नेगल यांची युक्ती आहे, छोटे तुकडे गोळा करून एकदम पाठवायची. पलीकडच्या बाजूला पोच उशिरा देण्याची सवय आहे. दोघं एकमेकांची वाट पाहत बसतात, विंडोजवर २०० मिलिसेकंदांपर्यंत. टीसीपी नो-डिले ही तुकडे न थांबवता पाठवण्याची सेटिंग चालू केली की सुटतं. सापडलं तर एका ओळीचं काम आहे.

आणि खरं सांगू का, पावतीने क्लाउडची वाट पाहायचीच कशाला? काट्यावरच्या कॉम्प्युटरात छोटा डेटाबेस ठेवा. सेव्ह दाबलं की तिथे लिहा, पावती छापा, मागाहून सावकाश क्लाउडला पाठवा. फायबर तुटली तरी काटा थांबणार नाही. दोन गोष्टी मात्र विसरू नका. पावती नंबर आता सर्व्हर देणार नाही, म्हणून दोन काटे असतील तर प्रत्येकाची वेगळी मालिका ठेवा, अ-१ आणि ब-१ अशी, नाहीतर एकाच नंबरच्या दोन पावत्या निघतील. आणि डेटाबेसला डिस्कवर खरंच लिहून झाल्याची खात्री करूनच पुढे जायला सांगा. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. मेमरीतच राहिलेली पावती विजेबरोबर गेली तर शेतकऱ्याच्या हातात कागद राहील आणि तुमच्याकडे नोंद नसेल. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला या खात्रीसाठी आठ-दहा मिलिसेकंद लागतात, कारण मिनिटाला ७,२०० गिरक्या घेणाऱ्या डिस्कची एक गिरकीच ८.३ मिलिसेकंदांची. तेवढे द्या. एसएसडी असेल तर त्याहून कमी.

सेवाकेंद्र_पुलगाव

एक विचारतो. बाराचे चार झाले काय नि अर्धा झाला काय, गाडी चढायला-उतरायलाच मिनिट जातं. आठ सेकंदांसाठी एवढं करायची गरज आहे का?

पऱ्हाटी

दादा, बरं झालं विचारलंत, हे मालकांनाही पटवावं लागणारच आहे.

धरा की सकाळी एका गाडीला काट्यावर सगळं मिळून ६० सेकंद लागतात, आणि सरासरी ७५ सेकंदांनी एक गाडी येते. काटा ८० टक्के वेळ गुंतलेला. गाड्या सांगून येत नाहीत, कधी चार एकदम येतात, कधी कोणीच नाही. अशा रांगेचं साधं गणित आहे: एका गाडीचा वेळ भागिले काट्याचा मोकळा हिस्सा. ६० भागिले ०.२, म्हणजे रांगेत लागल्यापासून उतरेपर्यंत सरासरी ५ मिनिटं. आता पावतीने ८ सेकंद जास्त खाल्ले, ६० चे ६८ झाले. काटा जवळपास ९१ टक्के गुंतला. आता तेच १२ मिनिटं होतात. आठ सेकंदांनी सात मिनिटं वाढली, आणि ती दोनदा, भरलेली आणि खाली. पावती झटकन निघाली आणि ५६ सेकंदांत गाडी उतरली तर पावणेचार मिनिटं.

रांगांचं हे शास्त्र १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एर्लांग यांनी सुरू केलं, फोनच्या लाइन किती लागतील ते काढायला. राउटरला ते लागू आहे आणि आपल्या काट्यालाही. गर्दी नसताना आठ सेकंद कोणाला जाणवत नाहीत. काटा भरत आला की तेच आठ सेकंद डांबरी रोडपर्यंत रांग नेतात, आणि त्या रांगेत बैल उभे असतात.

काट्यावरचा

सगळ्यांचे खूप आभार. पऱ्हाटी दादांचं आठ सेकंदांचं गणित कागदावर लिहून मालकांपुढे ठेवलं. २०० चा प्लॅन रद्द, राउटरला मंजुरी.

कॅमेऱ्यांना सब स्ट्रीम त्याच दिवशी लावली, पहिल्याच दुपारी बाराचे पाच-साडेपाच झाले. नवीन राउटरात अपलोड १७ वर बांधली. आता आठही कॅमेरे चालू असताना पहिला टप्पा ९-१० मिलिसेकंद दाखवतो. फर्मने सर्व्हर मुंबईला आणला, पिंग २४. प्रोसिजरही करून दिली आणि कनेक्शन उघडं ठेवलं. सेव्ह दाबलं की प्रिंटर लगेच सुरू होतो, लॉगमध्ये बहुतेक पावत्या २०० मिलिसेकंदांच्या आत दिसतात. ताई म्हणाल्या तसं सगळ्यात हळू निघालेली शोधली, ती सव्वा सेकंदाची. नेगलचा घोळ नव्हता, आधीच बंद होता. कॉम्प्युटरातल्या डेटाबेसचं काम फर्मने पुढच्या महिन्यात घेतलंय, मालिका अ आणि ब ठरली.

आता एकच राहिलं. गाडी चढल्यावर सॉफ्टवेअर वजन घ्यायच्या आधी ठरलेले ३ सेकंद थांबतं. हेही काढून टाकू का? सेटिंग माझ्या हातात आहे.

पऱ्हाटी

ते तसंच काढू नका, भाऊ. गाडी चढली की काटा हेलकावतो, बैल पाय बदलतो, आणि लोडसेलचा (काट्याखालचा वजन मोजणारा भाग) आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. दहा किलो इकडचे तिकडे झाले तर आठशे रुपये शेतकऱ्याचे तरी गेले किंवा मालकांचे तरी.

पण ठरलेले ३ सेकंदही बरोबर नाहीत. ट्रॅक्टर एका सेकंदात शांत होतो, बैलगाडीला कधी पाच लागतात. बहुतेक इंडिकेटर वजनाच्या आकड्याबरोबर एक खूण पाठवतात, स्थिर असेल तर एसटी, हलत असेल तर यूएस. फर्मला ती खूण वाचायला सांगा. एसटी सलग काही वेळा आली की वजन घ्यायचं, तोवर थांबायचं, मग एक सेकंद लागो की सहा. आणि इंडिकेटर यूएसबी कन्व्हर्टरवरून जोडलेला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टचा लेटन्सी टायमर (आलेला माल पुढे द्यायला कन्व्हर्टर किती थांबतो ते) पाहा. एफटीडीआय कंपनीच्या चिपला तो मुळात १६ मिलिसेकंद असतो. तुमच्या कामाला तेवढा चालतो, त्याला हात लावायची गरज नाही. बॉड रेट, म्हणजे इंडिकेटरवरून अक्षरं येण्याचा वेग, तेवढा बघा. १,२०० वर असेल तर सोळा अक्षरांची ओळ यायला १३३ मिलिसेकंद लागतात, ९,६०० वर १७. इंडिकेटरवर आणि सॉफ्टवेअरात दोन्हीकडे एकदमच बदला, नाहीतर वजनाच्या जागी कचरा अक्षरं येतील. आणि हे रात्री काटा बंद झाल्यावर करा.